लाईन गेली, क्लायंटही गेला: असिंक टीसीपी सर्व्हरमध्ये तुटलेली कनेक्शनं कशी हाताळायची

वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये बोअरच्या स्टार्टरशेजारी एक छोटी पेटी बसवलेली असते, तीच या लेखासाठी उदाहरण म्हणून धरू. पेटीत एक मायक्रोकंट्रोलर, सिम टाकलेलं जीएसएम मॉड्यूल, जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर आणि मोटर चालू-बंद करणारा रिले. सिमला मिळणारा पत्ता मोबाइल कंपनीच्या नॅटच्या (अनेक सिमना एकाच पत्त्याआड ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) आड असतो, त्यामुळे बाहेरून पेटीशी कनेक्शन जोडता येत नाही. म्हणून पेटीच सर्व्हरला टीसीपी कनेक्शन जोडते आणि ते धरून ठेवते. त्याच वाटेनं वर रीडिंग जातं आणि खाली ‘मोटर बंद कर’ असा हुकूम येतो.

सर्व्हर लिहिणं तसं सोपं आहे. पायथॉनच्या असिंकआयओमध्ये (एकाच थ्रेडवर अनेक कनेक्शनं सांभाळणारी लायब्ररी) पन्नास ओळींत चालता सर्व्हर उभा राहतो, टेबलावर झकास चालतो. मग तो वावरात जातो आणि चार दिवसांनी फोन येतो: “भाऊ, ॲपमधी मोटर चालू दावते, अन् लाईन तं पहाटपासूनच नाही.”

तक्रार मोटरची वाटते, पण दुखणं कनेक्शनचं आहे. क्लायंट गेला ही बातमी सर्व्हरला कोणी आणून देईलच असं नाही. बऱ्याचदा ‘तो गेला’ हे सर्व्हरनंच ठरवायचं असतं, आणि किती वेळ वाट पाहून ठरवायचं हा आकडा तुम्ही द्यायचा असतो. उदाहरणं पायथॉनची आहेत, पण नोड, गो किंवा सी वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल, कारण खाली टीसीपी तोच आहे.

आधी जाण्याचे प्रकार ओळखा

पहिला प्रकार रीतसर जाण्याचा. पेटीनं सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बंद केलं की तिच्याकडून फिन, म्हणजे ‘माझं संपलं’ असं सांगणारं पॅकेट येतं आणि सर्व्हरच्या रीडला शून्य बाइट मिळतात. एरर येत नाही, फक्त रिकामं उत्तर येतं.

दुसरा प्रकार रीसेटचा. पेटी रीबूट झाली, तिला जुनं कनेक्शन आठवत नाही आणि तुमचं पॅकेट तिच्यापर्यंत पोचलं, तर ती आरएसटी, म्हणजे ‘हे कनेक्शन मोडलं’ असं सांगणारं पॅकेट पाठवते. बफरमध्ये न वाचलेला डेटा असताना कोणी सॉकेट बंद केलं तरीही लिनक्स आरएसटीच पाठवतो. अशा वेळी रीड किंवा राईट करताना ‘कनेक्शन रीसेट’ किंवा ‘ब्रोकन पाईप’ ही एरर येते.

तिसरा प्रकार गपचूप जाण्याचा. लाईन गेली आणि पेटीची बॅटरीही उतरली. टॉवरचा बॅकअप संपला. कनेक्शन बराच वेळ रिकामं राहिलं म्हणून कंपनीच्या नॅटनं आपल्या तक्त्यातली नोंद पुसली आणि दोन्हीकडे कोणालाच कळवलं नाही. फिन नाही, आरएसटी नाही, काहीच नाही. सर्व्हरच्या लेखी ते सॉकेट ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे जोडलेलं आहे आणि सर्व्हर नुसता वाचायला बसला असेल तर ते तसंच पडून राहील. शहरातल्या ऑफिसात केबलवर चालणाऱ्या क्लायंटच्या बाबतीत हे क्वचित घडतं. शेतीच्या फीडरवर वीज दिवसपाळी-रात्रपाळीनं येते, तिथे हे रोजचंच आहे. सर्व्हरची रचना याच प्रकाराला धरून करा.

चौथा प्रकार फसवा: कनेक्शन जिवंत आहे, पण पलीकडचा प्रोग्राम अडकलाय. त्याबद्दल कीपअलाइव्हच्या (टीसीपीच्या स्वतःच्या ‘जिवंत आहेस का’ या चाचणीच्या) ओघात सांगतो.

पायरी १: रिकामं रीड आणि अर्धी ओळ

रीड लूपमध्ये शून्य बाइट आले की लूपमधून बाहेर पडा. ही तपासणी राहिली तर लूप थांबत नाही. ईओएफ झालेल्या, म्हणजे डेटा संपलेल्या, रीडरवर पुढचं प्रत्येक रीड त्याच क्षणी रिकामं परत येतं, सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो आणि त्या एका पेटीपायी बाकीच्या सगळ्या पेट्या ताटकळतात.

दुसरी खोच जास्त महागात पडू शकते. समजा, पेटी ‘ओलावा=४२’ अशी ओळ पाठवते आणि शेवटी नव्या ओळीचं चिन्ह लावते. आकड्यातला ४ पोचला, २ पोचायच्या आत कनेक्शन बंद झालं. असिंकआयओचं रीडलाईन अशा वेळी एरर देत नाही, आलेला तुकडा तसाच हातात ठेवतं: ‘ओलावा=४’. तुमचा कोड तो आकडा समजून घेतो, जमीन कोरडी ठणठणीत आहे असं मानतो आणि मोटर चालू करायचा हुकूम रांगेत टाकतो. लाईन आली की ओल्या बागेत पुन्हा पाणी. काळ्या कसदार जमिनीत संत्र्याच्या मुळाशी पाणी साचणं काय असतं, ते बागायतदाराला विचारा.

म्हणून ओळ हातात आली की आधी तिच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह आहे का ते बघा. नसेल तर ओळ टाकून द्या, ‘अर्धवट ओळ’ अशी नोंद करा आणि बाहेर पडा. ठरावीक लांबीचे संदेश असतील तर रीड-एक्झॅक्टली वापरा. ते अर्ध्यावर तुटलं तर स्पष्ट एरर देतं, म्हणून मला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

पायरी २: प्रत्येक वाचनाला मुदत

मुदत न घालता केलेलं रीड या कामात नकोच. पेटीनं दर ६० सेकंदांनी काहीतरी पाठवायचं: रीडिंग असेल तर रीडिंग, नाहीतर नुसता एक छोटा ठोका. सर्व्हरनं प्रत्येक ओळीसाठी १५० सेकंद थांबायचं. तेवढ्यात पूर्ण ओळ आली नाही तर पेटी गेली असं समजायचं.

१५० का? एखादा ठोका नेटवर्कच्या गर्दीत उशिरा येतो, टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवायला वेळ घेतं. एका चुकलेल्या ठोक्यावर कनेक्शन तोडलं तर दुपारभर तोडणं-जोडणंच चालेल. दोन चुकले आणि वर थोडा अवधी दिला तर निर्णय सहसा बरोबर निघतो. अशाच उपकरणांसाठीच्या एमक्यूटीटी या संदेश-प्रोटोकॉलमध्ये सर्व्हर ठरलेल्या अवधीच्या दीडपट थांबतो. खेड्यातल्या नेटवर्कला मी अडीचपट देतो.

‘डेटा किती जाईल?’ हा प्रश्न येतोच, कारण सिमचं रिचार्ज शेतकऱ्याच्या खिशातून होतं. ठोका, त्याचं उत्तर आणि पोचपावती अशी तीन पॅकेटं धरा, हेडरसकट सगळी मिळून दीडशे बाइटच्या आसपास. दिवसाचे १४४० ठोके, म्हणजे पाव एमबीच्या आत-बाहेर. एवढ्यासाठी ठोका वगळू नका.

ठोक्याला सर्व्हरनं उत्तर द्यायचंच. ही तपासणी दोन्ही बाजूंनी हवी. पेटीला लागोपाठ दोन ठोक्यांचं उत्तर मिळालं नाही तर तिनं स्वतःच सॉकेट सोडून नव्यानं जोडायचं. हे नसेल तर नॅटनं पुसलेल्या वाटेवर पेटी उगाच वाट पाहत बसते आणि सर्व्हरनं तर तिला कधीचंच सोडून दिलेलं असतं.

पायथॉन ३.११ पासून असिंकआयओ-टाइमआउट हा ब्लॉक मिळतो, त्याआधीच्या आवृत्तीत वेट-फॉर वापरा. मुदत पूर्ण ओळीला लावा, सुट्या बाइटांना नको. नाहीतर दर दोन मिनिटांनी एकेक बाइट सोडणारा बिघडलेला क्लायंट जन्मभर जोडलेला राहील.

पायरी ३: कीपअलाइव्ह लावा, पण त्याच्यावर विसंबू नका

‘टीसीपीमध्ये कीपअलाइव्ह आहेच की’ असं कोणीतरी म्हणतंच. आहे, पण ते आपणहून चालू नसतं. चालू केलं तरी लिनक्सवर मूळ आकडे असे: ७२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ चाचण्या. म्हणजे मेलेलं कनेक्शन ओळखायला दोन तास अकरा मिनिटं. तोवर बागेत जे व्हायचं ते होऊन गेलं. हे दोन तास काही लिनक्सच्या मनातले नाहीत, १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेट मानकानंच तसं घालून दिलंय. सॉकेटवर तिन्ही आकडे बदलता येतात. ६० सेकंद शांतता, १५ सेकंदांचं अंतर, ४ चाचण्या असं ठेवलं तर दोन मिनिटांत निकाल लागतो.

तरी दोन पळवाटा उरतात.

एक: कीपअलाइव्हला उत्तर पलीकडचं टीसीपी देतं, पलीकडचा प्रोग्राम नाही. एटी कमांडवर (मॉड्यूलला द्यायच्या मजकुरी आज्ञांवर) चालणाऱ्या बऱ्याच जीएसएम मॉड्यूलमध्ये टीसीपी मॉड्यूलच्या आतच असतं. मोटर सुरू होताना व्होल्टेज पडलं, मायक्रोकंट्रोलर गोठला आणि मॉड्यूल मात्र जागंच राहिलं, तर ते इमानेइतबारे कीपअलाइव्हला उत्तर देत राहील. सर्व्हर खूश, आणि पेटी कामातून गेलेली. हाच तो चौथा प्रकार. तो पकडायचा तर ठोका मायक्रोकंट्रोलरच्या मुख्य लूपमधूनच निघायला हवा, वेगळ्या टायमरमधून नको.

दोन: तुम्ही पाठवलेला डेटा पोचपावतीविना अडकला असेल तर लिनक्स कीपअलाइव्हच्या चाचण्या पाठवतच नाही. तेव्हा पुन्हा पाठवण्याचं वेगळं गणित चालतं. त्याची मूळ मर्यादा १५ प्रयत्नांची आहे आणि ते पुरे व्हायला पाव तास तरी जातो. नेमका ‘मोटर बंद कर’ हुकूम पाठवल्यावरच ही वेळ येते. यासाठी टीसीपी-यूजर-टाइमआउट हा सॉकेट पर्याय आहे. त्यात मिलिसेकंदांत आकडा द्यायचा, मी १२०००० देतो.

पायरी ४: राईट झालं म्हणजे पोचलं नव्हे

असिंकआयओमध्ये राईट केलं की बाइट आधी आपल्याच बफरमध्ये आणि तिथून कर्नलच्या बफरमध्ये जातात. पलीकडची पेटी अंधारात असली तरी राईट बिनतक्रार होतं. पेटीनं सॉकेट बंद केलेलं असलं तरीसुद्धा पहिलं राईट बहुधा यशस्वीच दिसतं. त्यावर पलीकडून आरएसटी येतो आणि एरर पुढच्या राईटला मिळते.

म्हणून हुकमाला क्रमांक द्या आणि पेटीकडून त्या क्रमांकाची पावती मागा. ॲपमध्ये ‘पाठवला’ आणि ‘पोचला’ या दोन अवस्था वेगळ्या दाखवा. पावती आली नाही आणि कनेक्शन तुटलं, तर नव्या कनेक्शनवर तोच हुकूम त्याच क्रमांकानं पुन्हा पाठवा. पेटीनं तो क्रमांक आधीच अमलात आणला असेल तर तिनं फक्त पावती द्यावी. जुन्या हुकमाला मुदतही हवी: पहाटेचा ‘चालू कर’ दुपारी लाईन आल्यावर अमलात येणं कोणालाच नको असतं.

राईटनंतर ड्रेन करा, म्हणजे बफर उतरायची वाट बघा, आणि त्यालाही मुदत लावा. बफर ६४ केबीच्या वर गेला की ड्रेन थांबवून धरतं. पलीकडे कोणी वाचतच नसेल तर तुमचं काम तिथेच लटकतं.

पायरी ५: साफसफाई एकाच जागी

इथे थोडा वेळ थांबू, कारण सगळ्यात चिवट दोष याच जागी सापडतात. क्लायंट कोणत्याही वाटेनं गेला तरी आवराआवर एकाच ठिकाणी व्हायला हवी. सांगाडा असा:

क्लायंट_सांभाळा (रीडर, रायटर):
– मी = नवी नोंद (रायटर, कारण रिकामं)
– प्रयत्न करा:
– – मी.क्रमांक = ओळख वाचा, मुदत १५ सेकंद
– – जुना = यादीत या क्रमांकावर कोण आहे ते
– – यादी[मी.क्रमांक] = मी
– – जुना असेल तर: जुना.कारण = ‘नवं कनेक्शन आलं’, मग जुना तोडा
– – कायम चालू:
– – – ओळ = ओळ वाचा, मुदत १५० सेकंद
– – – ओळ रिकामी: कारण ‘रीतसर’, बाहेर
– – – ओळ अर्धवट: कारण ‘अर्धवट ओळ’, बाहेर
– – – संदेश हाताळा
– मुदत संपली तर: कारण ‘गप्प’
– रीसेट किंवा ब्रोकन पाईप आला तर: कारण ‘रीसेट’
– काहीही झालं तरी शेवटी:
– – यादी[मी.क्रमांक] अजून मीच असेन, तरच नाव काढा
– – कनेक्शन तोडा, नोंद लिहा

‘अजून मीच असेन, तरच’ ही अट बघा. लाईन गेली, पेटी बंद पडली. मिनिटभरात लाईन आली, पेटीनं नवं कनेक्शन जोडलं आणि यादीत नवी नोंद गेली. जुनं कनेक्शन अजून आपल्या १५० सेकंदांची वाट पाहतंय. त्याची मुदत संपते, शेवटचा ब्लॉक चालतो आणि अट नसेल तर तो क्रमांक पाहून नाव काढून टाकतो, म्हणजे नव्या, जिवंत कनेक्शनचं! पेटी जोडलेली, ठोके येताहेत, पण ॲपमध्ये ‘संपर्क नाही’ आणि हुकूम जायला वाट नाही. लॉगमध्ये सगळं आलबेल दिसत असतं, म्हणून हा दोष शोधायला फार त्रास देतो. असिंकआयओ एकाच थ्रेडवर चालतं, तेव्हा तपासणं आणि काढणं यांच्यामध्ये एकही अवेट (दुसऱ्या कामाला वाट देणारा थांबा) नसेल तर लॉक लागत नाही. मध्ये अवेट घुसडलात की हमी गेली.

जुन्याचं कारण तोडण्याआधी लिहायचं, यालाही कारण आहे. तुम्ही इकडून अबॉर्ट केलं, म्हणजे कनेक्शन तिथल्या तिथे तोडलं, की जुन्या लूपला रिकामं रीड मिळतं आणि त्याला वाटतं, क्लायंट रीतसर गेला. म्हणून कारण आधीच भरलेलं असेल तर त्यावर नवं लिहू नका.

क्लोज की अबॉर्ट? क्लोज बफरमधला उरलेला डेटा पाठवून मगच सॉकेट सोडतं. पेटी रीतसर गेली असेल तर क्लोज ठीक. ‘गप्प’ म्हणून निकाल दिला असेल तर बफर रिकामा होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, सरळ अबॉर्ट करा. वेट-क्लोज्ड वापरत असाल तर त्यालाही मुदत लावा आणि तिथे आलेली रीसेट एरर गिळून टाका.

रद्द झाल्याची एरर, म्हणजे कॅन्सल्ड-एरर, मात्र गिळू नका. पायथॉन ३.८ पासून ती सामान्य एक्सेप्शनच्या वर्गात येत नाही, ते बरंच झालं. पण कोणी उघडं एक्सेप्ट लिहिलं की ती त्यात अडकते आणि मग सर्व्हर बंद करायला गेलं तर बंदच होत नाही.

आणखी एक: पेटीनं फिन पाठवला म्हणून असिंकआयओचा स्ट्रीम आपली बाजू आपोआप बंद करत नाही. तुम्ही बंद केली नाही तर ते सॉकेट ‘क्लोज-वेट’ अवस्थेत राहतं. अशी सॉकेटं साचत जातात, आणि बऱ्याच लिनक्स मशीनवर एका प्रोसेसला मूळ मर्यादा १०२४ उघड्या फायलींची असते. ती भरली की नवीन पेटीला दारच उघडत नाही.

पायरी ६: लाईन येते तेव्हाची झुंबड

एका फीडरवरच्या सगळ्या पेट्या एकाच क्षणी जाग्या होतात आणि एकदम सर्व्हरवर येतात. यावरचा खरा उपाय पेटीच्या कोडमध्ये आहे: पहिला प्रयत्न शून्य ते तीस सेकंदांतल्या कुठल्याही क्षणी, अपयश आलं तर १०, २०, ४० सेकंद असं थांबत पाच मिनिटांपर्यंत, आणि प्रत्येक वेळी थोडी यादृच्छिक भर. सर्व्हरच्या बाजूनं बॅकलॉगचा, म्हणजे दारात थांबलेल्या कनेक्शनच्या रांगेचा, आकडा वाढवा, असिंकआयओचा मूळ आकडा १०० आहे. ओळख पटवताना डेटाबेसला हात लावत असाल तर तिथेही एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, त्याला सेमाफोर लावा.

पायरी ७: ॲपमध्ये खरं तेच दाखवा

कनेक्शन गेलं म्हणून मोटर बंद झाली असं होत नाही. लाईन आहे, टॉवर गेलाय, आणि मोटर मजेत पाणी उपसतेय, हेही घडतं. म्हणून ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या जोडीला तिसरी अवस्था ठेवा: ‘संपर्क नाही, शेवटची खबर सकाळी ५:४०, तेव्हा मोटर चालू होती’. शेतकऱ्याला एवढं पुरतं. वावरात चक्कर मारायची की नाही, ते तो ठरवतो.

लॉगमध्ये रीतसर जाणं, गप्प होणं, रीसेट होणं यांना ‘एरर’ म्हणू नका. ही साधी माहिती आहे. तिथे कारण, कनेक्शन किती वेळ टिकलं आणि शेवटची ओळ कधी आली हे तिन्ही लिहा. एकाच गावच्या पेट्या एकाच मिनिटाला ‘गप्प’ झाल्या तर लाईन किंवा टॉवर गेलाय. एकच पेटी वारंवार ‘रीसेट’ दाखवत असेल तर तिचा पॉवर सप्लाय तपासायला माणूस पाठवा.

पायरी ८: तुटणं खरोखर करून बघा

बरेच जण क्लायंटचा प्रोग्राम किल करून चाचणी झाली असं मानतात. किल मायनस नऊ दिलं तरी क्लायंटच्या मशीनचा कर्नल जिवंत असतो. तो सॉकेट आवरतो, फिन किंवा आरएसटी पाठवतो. म्हणजे तुम्ही फक्त पहिले दोन प्रकार तपासले.

तिसरा तपासायचा तर क्लायंट जोडलेला असताना सर्व्हरवर आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलनं त्या क्लायंटची पॅकेटं ड्रॉप करा, रिजेक्ट नको, कारण रिजेक्ट उत्तर पाठवतं. त्याहून सोपं म्हणजे पेटीचा अँटेना आणि बॅटरी काढा. घड्याळ लावा: १५० सेकंदांत यादीतून नाव गेलं पाहिजे. मग हीच चाचणी हुकूम पाठवल्या-पाठवल्या करा, कारण ती वाट वेगळी आहे. मग पेटी काढून मिनिटभरात परत जोडा आणि अडीच मिनिटांनी यादीत ती अजून आहे का बघा. चौथ्या प्रकारासाठी मायक्रोकंट्रोलरचा मुख्य लूप मुद्दाम अडकवून ठेवा, मॉड्यूल चालूच राहू द्या.

सर्व्हरचं स्वतःचं बंद होणंही यातच आलं. सिगटर्म (बंद होण्याचा सिग्नल) आला की आधी नवीन कनेक्शन घेणं थांबवा, मग जोडलेल्यांना तोडा, आणि मगच सर्व्हर पूर्ण बंद होण्याची वाट बघा. पायथॉन ३.१२ पासून सर्व्हरचं वेट-क्लोज्ड सगळी कनेक्शनं संपेपर्यंत थांबतं, त्यामुळे क्रम उलटा लावला तर प्रोग्राम लटकतो आणि सिस्टमडी (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम) मूळ ९० सेकंदांनी त्याला जबरदस्तीनं मारतो. ३.१३ मध्ये सगळ्या क्लायंटना एकदम बंद करायची सोयही आली आहे.

सगळं झाल्यावर सर्व्हर रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी एसएस कमांडनं सॉकेटांच्या अवस्था मोजा. एस्टॅब्लिश्डचा आकडा तुमच्या यादीतल्या पेट्यांएवढा हवा, फार तर एखाद-दोन जास्त. टाइम-वेटमधली (नुकतीच बंद झालेली) मिनिटभरात आपोआप जातात, ती सोडून द्या. क्लोज-वेटमध्ये एकही सॉकेट मिनिटाच्या वर दिसलं तर पायरी ५ वर परत जा आणि बंद न करता बाहेर पडणारी वाट शोधा.